स्पर्धा खिशातल्या डायरीशी

हातात मावणाऱ्या संगणकाची, म्हणजे पीडीएची, गोष्ट बहुतेक वेळा स्मार्टफोनच्या गोष्टीची प्रस्तावना म्हणून सांगितली जाते. आधी पीडीए आले, ते अपुरे होते, मग स्मार्टफोन आला आणि ती उणीव भरून निघाली, असा तो क्रम. कालगणना म्हणून तो बरोबर आहे, पण त्यात एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. १९९० नंतरच्या दशकात भेटीच्या वेळा, पत्ते, करायची कामं आणि फुटकळ टिपणं सांभाळण्यासाठी अनेक कंपन्यांनी यंत्रं काढली. त्यांतली बहुतेक विस्मरणात गेली आणि पाम पायलट मात्र दीड वर्षात दहा लाखांच्या आसपास खपलं. हे यंत्र त्या गर्दीत सर्वांत ताकदवान नव्हतं. त्याचा पडदा काळापांढरा, वेग माफक, स्मृती अगदी तुटपुंजी. तरीही लोकांनी ते विकत घेतलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे विकत घेतल्यावर वापरलं. माझ्या मते याचं कारण एकच आहे. खिशात बाळगायच्या यंत्राची खरी स्पर्धा दुसऱ्या यंत्राशी नसते, ती खिशातल्या डायरीशी असते. या कसोटीवर पीडीएचं यश तपासता येतं, अपयश तपासता येतं, आणि पुढे फोनपुढे त्याने का हार मानली तेही उलगडतं.

डायरी ही फार कडक प्रतिस्पर्धी आहे. ती उघडायला एक क्षण लागतो, तिच्यात कुठल्याही लिपीत लिहिता येतं, सेल संपत नाहीत आणि ती पडली तर फुटत नाही. मराठी घरांत वर्षानुवर्षं दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत लिहिली जाते, आणि शेजारी दोऱ्याला पेन बांधलेलं असतं. ही व्यवस्था टिकते, कारण नोंद करायची इच्छा आणि प्रत्यक्ष नोंद यांच्यामध्ये काहीच उभं राहत नाही. लक्षात ठेवायच्या गोष्टींचा स्वभाव असा की त्या भलत्या वेळी येतात: दारात उभं असताना, जिन्यात, कुणाशी बोलता बोलता. तेवढ्या फटीत नोंद झाली तर झाली, नाहीतर ती राहून जाते. म्हणून नोंदीच्या साधनाकडून पहिली मागणी असते ती वेळेची. ते काय काय करू शकतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

ही मागणी सुरुवातीच्या यंत्रांनी ओळखली नाही. ॲपलचे प्रमुख जॉन स्कली यांनी जानेवारी १९९२ मध्ये लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’ हे नाव वापरलं आणि पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९३ मध्ये, ॲपलचा न्यूटन मेसेजपॅड बाजारात आला. किंमत सुमारे ७०० डॉलर, वजन चारशे ग्रॅमच्या घरात. त्यामागची कल्पना थोर होती. माणसाने आपल्या नेहमीच्या अक्षरात लिहावं आणि यंत्राने ते वाचून अर्थ लावावा; मंगळवारी अमक्याबरोबर जेवण, एवढं लिहिलं की यंत्राने तारीख शोधावी, माणूस ओळखावा आणि भेट नोंदवून टाकावी. पण हे करण्यासाठी यंत्राला सलग जोडून लिहिलेल्या इंग्रजी लिखाणाचे तुकडे पाडावे लागत, शब्द कुठे संपला ते ठरवावं लागे आणि निघालेला शब्द शब्दकोशाशी ताडून पाहावा लागे. शब्दकोशात नसलेलं आडनाव किंवा गावाचं नाव आलं की भलताच शब्द पडद्यावर उमटे. त्याच महिन्यात ‘डून्सबरी’ या गाजलेल्या अमेरिकी व्यंगचित्रमालिकेने या चुकांवर हल्ला चढवला आणि न्यूटनची प्रतिमा कायमची डागाळली. न्यायाने सांगायचं तर पुढच्या आवृत्त्यांत हे अक्षरवाचन खूप सुधारलं, १९९७ च्या न्यूटनमध्ये तर ते खरोखर चांगलं होतं. पण यंत्र आणखी मोठं आणि महागही झालं होतं. ते सदऱ्याच्या खिशात मावत नव्हतं, म्हणजे नेमक्या त्या फटीच्या क्षणी जवळ नसे. फेब्रुवारी १९९८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी ते बंद केलं.

न्यूटनच्या अपयशाचं खापर नेहमी अक्षरवाचनावर फोडलं जातं. मला ते निदान अर्धवट वाटतं. अक्षर वाचताना शंभरात पाच चुका होत असतील, तर लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी वर बघून खात्री करावी लागते, चूक खोडावी लागते, पुन्हा लिहावं लागतं. म्हणजे वेळ लिहिण्यात जात नाही, तपासण्यात जातो. डायरीत लिहिलेलं आपल्याला परत तपासावं लागत नाही. अर्थ लावणारं हुशार यंत्र आणि अर्थ न लावणारा कोरा कागद यांच्यात कागद इथेच पुढे निघून जातो.

जेफ हॉकिन्स यांना हे आधी कळलं, आणि तेही स्वतः हरल्यावर. त्यांनी १९९२ मध्ये पाम कॉम्प्युटिंग स्थापन केली. कॅसिओ आणि टँडी यांच्याबरोबर काढलेलं झूमर हे तिचं पहिलं यंत्र संथ आणि महाग होतं, आणि पडलं. त्यानंतर हॉकिन्स यांनी नव्या यंत्राच्या आकाराचा एक लाकडी ठोकळा कापला आणि तो खिशात घेऊन वावरायला सुरुवात केली. बैठकीत कुणी वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि काडीने त्यावर लिहिल्यासारखं करायचं. ही कथा अनेक ठिकाणी गमतीदार किस्सा म्हणून येते. खरं तर तो अत्यंत काटेकोर प्रयोग होता. ठोकळ्यात एकही सुविधा नव्हती, त्यामुळे दिवसातून तो किती वेळा आणि कशासाठी काढावासा वाटतो एवढंच त्यातून कळत होतं. उत्तर आलं ते चार कामांचं: तारखा, पत्ते, कामांची यादी, टिपणं. मार्च १९९६ मध्ये आलेल्या पायलट १००० वर या चार कामांची चार बटणं होती. यंत्र बंद असताना त्यातलं कुठलंही दाबलं की ते थेट त्या पानावर चालू होई. किंमत २९९ डॉलर, वजन १६० ग्रॅम, पडदा १६० गुणिले १६० ठिपक्यांचा, स्मृती १२८ किलोबाइट, आणि ऊर्जेसाठी दोन बारीक पेन्सिल सेल. ते आठवडेच्या आठवडे पुरत. पडद्याची आखणी करणारे रॉब हैतानी यांचा आग्रह असा की रोजचं काम समोर दिसलं पाहिजे आणि क्वचितचं काम मेनूत गेलं पाहिजे. नवी नोंद करायचं बटण समोर, नोंद पुसायची आज्ञा आत. नवी नोंद आणि पुसणं या तर्काने एका जोडीतल्या गोष्टी वाटतात, पण माणूस दिवसात जितक्या नोंदी करतो तितक्या पुसत नाही. हा फरक मोजून त्याप्रमाणे पडदा आखणं, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती.

लिहिण्याचा प्रश्न पामने वेगळ्याच बाजूने सोडवला. ग्राफिटी नावाच्या पद्धतीत प्रत्येक रोमन अक्षराला एकच फटका दिलेला होता. इंग्रजी ‘ए’मधली आडवी रेघ काढून टाकलेली, ‘एफ’चा मधला दांडा गेलेला, ‘टी’ आडव्या रेघेतून सरळ खाली उतरलेला. अक्षरं ओळीत लिहायची नाहीत, पडद्याखालच्या एका चौकोनात एकावर एक लिहायची; अक्षरं डाव्या भागात, आकडे उजव्या भागात. यामागचं गणित सुंदर आहे. लेखणी उचलली की अक्षर संपलं, त्यामुळे लिखाणाचे तुकडे पाडायचा न्यूटनला छळणारा प्रश्नच उरला नाही. ‘ओ’ की शून्य हा संभ्रमही जागेवरून सुटला. यंत्राला फक्त एका रेघेचा आकार थोड्या ठरावीक आकारांशी जुळवायचा होता, आणि ते काम १६ मेगाहर्ट्झचा साधा प्रोसेसर सहज करू शकत होता.

यावर पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. यंत्र माणसासाठी असतं, मग माणसाने यंत्रासाठी आपली अक्षरं का बदलावी? मराठी वाचकाला याचं उत्तर आपल्याच दप्तरखान्यात सापडेल. मोडी लिपी हे हाताच्या वेगासाठी केलेलं असंच रूपांतर होतं. आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरं वळवत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडून दिलेला, कारण वाचणारा तो संदर्भाने भरून काढत असे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमालच्या रुमाल याच लिपीत आहेत. मोडी शिकणाऱ्या कारकुनाला आपण कागदाचे गुलाम झालो असं वाटलं असेल, असं मानायला आधार नाही. वेग मिळत असेल तर माणूस लिपी वळवतो आणि तिच्यावर प्रभुत्वही मिळवतो. प्रश्न उरतो तो शिकण्याच्या किमतीचा. ग्राफिटीबाबत ती किंमत मोजली गेली आहे. स्कॉट मॅकेन्झी आणि शॉन झँग या कॅनडातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांच्या सरावानंतर लोकांची अचूकता ९७ टक्क्यांवर गेली, आणि आठवडाभर हात न लावताही ती तशीच टिकली. पाच मिनिटं शिकून वर्षानुवर्षांची तपासणी वाचत असेल, तर तो सौदा माणसाच्या बाजूचा आहे. याचा उलटा पुरावाही आहे. एका फटक्याच्या लेखनपद्धतीचं पेटंट झेरॉक्सकडे होतं. १९९७ मध्ये त्या कंपनीने पामवर दावा लावला आणि २००३ पासून पामने ग्राफिटी २ आणली. तिच्यातली अक्षरं नेहमीच्या इंग्रजी अक्षरांच्या जास्त जवळची, म्हणजे शिकायला सोपी होती. पण ‘आय’ आणि ‘टी’ला आता दोन फटके लागत आणि यंत्राला दुसऱ्या फटक्याची वाट पाहावी लागे. जुन्या वापरकर्त्यांना ही सोपी पद्धत खटकली. त्यांना ओळखीचे आकार नको होते, खात्री हवी होती.

देवनागरीचं काय, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. ग्राफिटीची सगळी कल्पना सव्वीस अक्षरांवर उभी होती. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं असलेल्या लिपीला एक फटका, एक अक्षर हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. मराठी माणूस पायलट वापरत असेल तर तो रोमन लिपीतच नोंदी करत होता, आणि डायरीच्या कसोटीवर ही पायलटची मोठी हार मानली पाहिजे. डायरीला लिपीची अट नसते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. या यंत्रांत सगळी माहिती सेलवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत असे. सेल पूर्ण उतरले आणि बदलायला उशीर झाला की पत्ते, तारखा, टिपणं, सगळं कोरं. कागद असा दगा देत नाही. आक्षेप खरा आहे. पण हा धोका आणि यंत्राचा वेग एकाच मुळातून आलेले होते. पायलटमध्ये माहिती चकतीवरून स्मृतीत आणायची आणि काम झालं की परत ठेवायची, हा प्रकारच नव्हता. ती जिथे होती तिथेच वाचली आणि बदलली जात असे. म्हणून ‘सेव्ह’ नावाची आज्ञा नव्हती आणि चालू होण्याची वाट पाहावी लागत नव्हती. वेगासाठी जे सोडलं, त्याची भरपाई दुसरीकडे केली होती. यंत्र टेबलावरच्या संगणकाला जोडलेल्या क्रेडल नावाच्या बैठकीत ठेवून एक बटण दाबलं की हॉटसिंक, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदींची जुळवणी, सुरू होई. प्रत्येक नोंदीवर ती बदलली आहे की नाही याची खूण असे, त्यामुळे मागच्या वेळेनंतर बदललेल्या नोंदीच तेवढ्या इकडून तिकडे जात. एकच नोंद दोन्हीकडे बदललेली असेल तर यंत्र स्वतःच्या मनाने निवड करत नसे, दोन्ही ठेवून देई. डायरी लोकलमध्ये राहिली तर ती गेलीच. पायलट हरवला तर पैशांचं नुकसान होई, पण नवा आणून क्रेडलमध्ये ठेवला की काल संध्याकाळपर्यंतचं आयुष्य परत येत असे.

या व्यवस्थेत मालकीचा अर्थ फार स्पष्ट होता, आणि मला ती गोष्ट मोलाची वाटते. माहितीच्या दोन प्रती होत्या, एक खिशात आणि एक आपल्याच टेबलावर. तिसरी कुठेही नव्हती. दोन्ही ठिकाणांच्या किल्ल्या एकाच माणसाकडे होत्या. त्याची जबाबदारीही त्याच्यावरच होती. जो आठवडाभर क्रेडलकडे फिरकला नाही, त्याचं नुकसान भरून द्यायला कुणी बसलेलं नव्हतं. आज आपली दिनदर्शिका दूरच्या कंपनीच्या संगणकावर राहते. ती जास्त सुरक्षित आहे, कुटुंबाला किंवा कचेरीला एकत्र पाहता येते, आणि हे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तिथे आपण वापरकर्ते असतो. अटी बदलण्याचा अधिकार दुसऱ्याचा असतो. हा बदल सोयीच्या बदल्यात झाला, आणि सौद्याची दुसरी बाजू फार थोड्या लोकांनी मोजली.

तिसरा आक्षेप आपल्या देशातून येतो. २९९ डॉलरचं यंत्र कुणाच्या खिशात जाणार होतं? हा प्रश्न बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय यांनी विनय देशपांडे यांच्या एन्कोर कंपनीबरोबर हाती घेतला. त्यातून १९९९ मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट उभा राहिला आणि एप्रिल २००१ मध्ये यंत्राचा पहिला नमुना लोकांसमोर आला. लिनक्स प्रणाली, २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवण्याची सोय. सगळ्यांत विचारपूर्वक केलेली गोष्ट होती स्मार्ट कार्डाची खाच. यंत्र गावाचं, कार्ड माणसाचं. ज्याचं कार्ड आत, त्याचं ते यंत्र तेवढ्यापुरतं. एका गरीब कुटुंबाला न परवडणारी वस्तू वैयक्तिक कशी करायची, याचं इतकं नेमकं उत्तर पाश्चात्त्य कंपन्यांपैकी कुणी शोधलं नव्हतं. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला अमिडा सिम्प्युटर बाजारात आला, सर्वांत स्वस्त आवृत्ती दहा हजार रुपयांच्या थोडी आत. तरीही एकूण विक्री काही हजारांच्या पलीकडे गेली नाही.

या अपयशाची कारणं सरकारी अनास्थेपासून भांडवलाच्या टंचाईपर्यंत बरीच सांगितली जातात, आणि त्या काळात मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त होत होते हेही खरं. पण डायरीची कसोटी इथेही लावून पाहावी. सिम्प्युटरकडून अपेक्षा होती बाजारभाव, शिक्षण, बँक, सरकारी कामं, सगळ्यांची. त्यातलं कुठलं काम गावातला माणूस दिवसातून दहा वेळा करणार होता? त्याचा ठोकळा कुणी खिशात घेऊन फिरलं नव्हतं, असं म्हणणं त्या माणसांच्या कष्टांवर अन्याय करणारं होईल. पण यंत्राचं रोजचं एक काम ठरलं नव्हतं, हे मात्र दिसतं. जिथे ते ठरलं होतं तिथे सिम्प्युटर उपयोगी पडला. कर्नाटकच्या ‘भूमी’ या जमीनदफ्तराच्या योजनेत तो माहिती गोळा करण्यासाठी वापरला गेला. आणि ठरलेल्या एका कामाचं हातातलं यंत्र गावोगाव पोचू शकतं, याचा पुरावा महाराष्ट्रात एसटीच्या प्रत्येक प्रवाशाने पाहिला आहे. कंडक्टरच्या हातातली तिकिटांची पेटी आणि पंच जाऊन तिकीट मशीन आलं. थांबे, भाडं, सवलती त्याच्या आत. चढणाऱ्या माणसांची गर्दी असताना, बस हलत असताना, एका हाताने चालवायचं. कागदी तिकिटापेक्षा ते हळू असतं तर कंडक्टरांनी ते कधीच मनापासून स्वीकारलं नसतं. पीडीएचा वंश आपल्याकडे असाही पसरला, फक्त त्याला कुणी पीडीए म्हटलं नाही.

शेवटचा आक्षेप बाजाराचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. डायरीला हरवण्याचं गमक इतकं पक्कं होतं, तर पीडीए गेला कुठे? इथे माझं उत्तर असं की तो त्याच कसोटीवर हरला. खिशात फोन आल्यावर पीडीए ही दुसरी वस्तू झाली. दोन वस्तू बाळगणं, दोघांना चार्ज करणं, पत्ता एकीत आणि नंबर दुसरीत शोधणं, हा सगळा वेळच. हॉकिन्स यांनाही ते दिसलं होतं. पाम सोडून त्यांनी काढलेल्या हँडस्प्रिंगने २००२ मध्ये फोन आणि पीडीए एकत्र करणारा ट्रिओ आणला. ब्रिटनच्या सायन कंपनीच्या कीबोर्डवाल्या हातसंगणकांची प्रणाली १९९८ मध्ये सिम्बियन या नव्या कंपनीत गेली आणि नोकियाच्या फोनांतून लाखो भारतीयांच्या हातात पोचली. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा स्वतंत्र पीडीएची गरज जवळपास संपलेली होती. हा निकाल मी अन्यायाचा मानत नाही.

पण त्या निकालातून फोन डायरीपेक्षा सरस ठरला, असा निष्कर्ष काढणं मात्र चुकीचं आहे. फोन खिशात आला तो बोलण्यासाठी, निरोपांसाठी, नंतर चित्रांसाठी आणि पैशांसाठी. नोंद करणं हे त्याच्या शेकडो कामांतलं एक झालं. कुलूप उघडायचं, वाटेत आलेले निरोप दिसतात त्यांना ओलांडायचं, ॲप शोधायचं, नवी नोंद उघडायची, आणि तोवर जे लिहायचं होतं ते निसटलेलं असतं. लोकांनी यावर काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी एकट्याचाच व्हॉट्सॲप गट काढला आणि त्यात वाणसामानाची यादी, डॉक्टरांची वेळ, गाडीचा नंबर टाकायला सुरुवात केली. फोनमध्ये टिपणांसाठी खास ॲप आधीपासून असताना त्यांनी हे केलं, कारण व्हॉट्सॲप बहुधा आधीच उघडं असतं, आणि त्यात मराठीत लिहिता येतं, बोलताही येतं. ही सवय इतकी पसरली की नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने स्वतःलाच निरोप पाठवण्याची सोय अधिकृतपणे जाहीर केली.